दोनशे सहा मीटरची फेरी

टाइमबाबू पोरांना पळवत, त्यांची वेळ घेत, पण ती वेळ पोरांना सांगत नसत. पोरगी चौथी फेरी संपवून धापा टाकत समोर उभी राहायची. ते घड्याळाकडे बघायचे, खिशातली छोटी डायरी काढायचे, आकडा लिहायचे आणि डायरी परत खिशात टाकायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "झाले तेवढे झाले. पानी पी." मी खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी करणारा माणूस. ट्रक काट्यावर चढला की वजन ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लिहायचं आणि पावती त्याच्या हातात द्यायची, ही माझी रोजची रीत. ज्याचा आकडा त्यालाच न दाखवणारा माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकला. माझी मुलगी रोशनी त्यांच्याकडे पळायला जाऊ लागली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. ती पंधराची होईपर्यंत माझा संशय काही कमी झाला नाही.

आम्ही चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहत होतो. टाइमबाबू खाणीत टाइमकीपर होते. पाळीवर कोण किती वाजता आला, किती वाजता वर निघाला, हे ते तीस वर्षं लिहीत आले. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरापलीकडे कुणी घेत नसे. सख्खा मेव्हणा सात मिनिटं उशिरा आला, तर त्याच्या नावापुढे सात मिनिटंच लिहिली, अशी त्यांची ख्याती होती. बहीण घरी येऊन रडली, तर म्हणाले, "मिनटाले नातं नसते, बाई." रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं. बायको आधीच गेली होती. मग त्यांनी नाकाडोंगरीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रोज सकाळी ते सायकलने कॉलनीच्या मैदानावर यायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पगार नाही, शाळेचं पत्र नाही, गळ्यात शिट्टीसुद्धा नाही. हाताने टाळी वाजवून ते पोरांना सोडायचे.

आणि ते कुणाकडे चहा घेत नसत. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. रोशनीच्या आईने एकदा कप घेऊन बाहेर जाऊन त्यांची सायकल अडवली, तरी त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "वैनी, ज्याच्या घरी च्या पेलो, त्याच्या पोरीले मंग मी हळू पळते असं कसं म्हनू?" लोकांना हे फार आवडलं. मला नाही आवडलं. जो माणूस कपभर चहा घेत नाही, तो दुसरीकडून काहीतरी घेत असणार, असं माझ्या मनाने लगेच धरलं. वजनकाट्यावर वीस वर्षं बसलं की मन असंच चालतं. फार स्वच्छ कागद दिसला की मी तो उलटून बघतो.

पळायला सोडण्याआधी ते प्रत्येक पोराला एक प्रश्न विचारायचे. काल शाळेत काय शिकवलं? ज्याला सांगता यायचं नाही, त्याने त्या दिवशी बाजूला बसायचं. रोशनीला एकदा अपूर्णांकांची बेरीज सांगता आली नाही म्हणून ती तासभर बसून राहिली, आणि घरी येऊन माझ्याकडून ती बेरीज शिकून घेतली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी म्हटलं, हा दिखावा आहे. पालक खूश राहावेत म्हणून आहे. कारण त्यांच्या स्वतःच्या मुलाने शाळा नववीत सोडली होती, हे मला ठाऊक होतं. महेश त्याचं नाव. तो खाणीचा माल रेल्वेच्या साइडिंगला नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि आठवड्यातून चार-पाच वेळा माझ्या काट्यावर यायचा. बाप मैदानावर असायचा, मुलगा समोरच्या रस्त्यावरून ट्रक घेऊन जायचा, आणि दोघं एकमेकांकडे बघत नसत. ज्याला आपला मुलगा शाळेत ठेवता आला नाही, तो दुसऱ्याच्या मुलीला अपूर्णांक विचारतो, हे मला पटेना.

नववीत रोशनी आठशे मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली आली. कॉलनीत पेढे वाटले गेले. मी मात्र मनात हिशेब केला. गोंदिया वेगळा जिल्हा होण्याआधी आमच्या जिल्ह्यात जितक्या पोरी पळायच्या, त्यातल्या निम्म्या आता दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. म्हणजे हा पहिला नंबर जुन्या पहिल्या नंबराएवढा धरता येणार नाही. हे मी टाइमबाबूंना तोंडावर सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "जिल्हा अर्धा झाला, काटाबाबू. आठशे मीटर तेवढेच हायेत."

त्या स्पर्धेला एका निवासी अकादमीचा माणूस आला होता. अकादमी इथून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. राहणं, खाणं, बूट सगळं त्यांचं. पण सकाळ-संध्याकाळ सराव, त्यामुळे शाळा नाही. नववीनंतर दाखला काढायचा आणि दहावी बाहेरून द्यायची, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्याने रोशनीच्या हातात एक छापील अर्ज दिला. आठशे मीटर दोन मिनिटं बावीस सेकंदांच्या आत, असं शिकवणाऱ्याने लिहून सही करायची, खाली पालकाची सही. मग चाचणीला बोलावणार. मुदत मार्चअखेर.

रोशनीने त्या दिवसापासून घरात दुसरा विषय काढला नाही. तिची आई सातवीनंतर शाळेतून निघालेली. ती म्हणाली, "शाळा सोडल्यावर काय होते ते मले इचार. त्या माणसाले नोको इचारू." रोशनी म्हणाली, "तू चुलीसाठी सोडली. मी पळन्यासाठी सोडून राहिली." त्यावर आई उठून आत गेली. मी रोशनीला म्हटलं, आधी वेळ कळू दे. वेळच बसत नसेल तर भांडण कशाला? ती म्हणाली, टाइमबाबू वेळ सांगत नाहीत, पण अर्जावर लिहायची असेल तर आधी तुझ्या वडलांना सांगीन म्हणाले आहेत.

माझ्या संशयाला आता आकार आला. एका पोरीमागे त्या अकादमीकडून त्यांना काहीतरी मिळत असणार. वेळ पाच वर्षं लपवायची आणि ऐन वेळी हवी ती लिहायची, यापेक्षा सोपं काय? घड्याळ मी तपासलं. रोशनीकडून एक दिवस मागवून काट्यावरच्या घड्याळाशी अर्धा तास लावून पाहिलं. बरोबर होतं. म्हणजे लबाडी घड्याळात नाही, तर फेरीत असणार. मैदानाभोवती त्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि ती फेरी दोनशे मीटरची, असं सगळे धरून चालले होते. ती कुणी मोजली होती? त्यांनीच. फेरी एकशे नव्वदची असेल तर कुठलीही पोरगी चार फेऱ्यांत चाळीस मीटर वाचवणार.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दिवस उजाडल्यावर, मी ऑफिसातून मागून आणलेली तीस मीटरची स्टीलची टेप घेऊन मैदानावर गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा म्हणून रोशनीच्या आईला नेलं. ती डोक्यावरून शाल घेऊन गवतात वाकलेली आणि तोंडाने चालूच. "तुमचा शक एक दिवस मलेच मजुरीले लावन, हे मले मालूम होतं." मी तिला म्हटलं, टोक खुंटीच्या बाहेरून एक वीत सोडून धर. ती म्हणाली, "तुमची वीत का माझी?"

दोन टेपा झाल्या असतील, तेवढ्यात टाइमबाबू सायकलवरून उतरले. रविवारी पोरं नसत, पण ते खुंट्या तपासायला येत, हे मला माहीत नव्हतं. मी वाकलेला, हातात टेप. लपवायला काही जागाच नव्हती. ते जवळ आले, माझ्या बायकोच्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि म्हणाले, "वैनी, तुमी बसा. मी धरतो."

मी पुढे मोजत गेलो. खरं सांगायचं तर प्रत्येक टेपेला मागे वळून ते शून्यावरच धरताहेत ना, हेही बघितलं. त्यांच्या ते लक्षात आलं. पुढच्या वेळेपासून ते अंगठा बाजूला करून शून्य मला दाखवायला लागले. फेरी पूर्ण झाली. बेरीज केली. पुन्हा केली. दोनशे सहा मीटर आली. मी परत मोजायला लावली. परत दोनशे सहा.

मी म्हटलं, कमी नाही, जास्त आहे. ते म्हणाले, "मालूम हाये."

मग ते गवतावर बसले आणि त्यांनी सांगितलं. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी याच मैदानावर त्यांनी महेशसाठी पहिली फेरी आखली होती. तेव्हा टेप नव्हती. गावातल्या भावाकडून अंबाडीचा दोर आणला. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोजायचा दोर, दर वीस मीटरला गाठ मारलेला, धान कापायचा ठेका त्याच दोराने ठरायचा. बांधीत लोक तो दोर नेहमी ऊन पडल्यावर, सुकवून वापरत. टाइमबाबूंनी सकाळी साडेपाचला, दवाने भिजलेल्या गवतावर ओढत नेला. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे माहीत असतं, त्यांनाही माहीत होतं, पण त्या सकाळी सुचलं नाही. प्रत्येक वीस मीटरात हातभर दोर कमी झाला, आणि दोनशे म्हणून जी फेरी आखली ती बरीच आखूड निघाली. महेशची वेळ बघून त्यांना वाटलं, आपल्या घरात काहीतरी वेगळं जन्माला आलं आहे. त्यांनी ती वेळ पोराला सांगितली, गावाला सांगितली. पोराने नववीतून दाखला काढला. बाहेरच्या खऱ्या मैदानावर तो पहिल्याच चाचणीत सातवा आला. परत आला तो शाळेत बसायला तयार झाला नाही, आणि बापाशी बोलायलाही.

मी विचारलं, मग ही फेरी जास्त का ठेवली? ते म्हणाले, "आता चूक झाली तं तिचा तरास पायाले होवो. घराले नोको." आणि वेळ का सांगत नाही, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती.

 रोशनीची आई उठली, शाल झटकली आणि मला म्हणाली, "मोजलं ना? मंग आता माना." आणि घराकडे चालू लागली. टाइमबाबूंनी डायरी काढली, पान उघडून माझ्यापुढे धरलं. रोशनीची सगळ्यात चांगली वेळ, दोन मिनिटं चोवीस सेकंद. म्हणाले, "तिची वेळ मी तुमाले सांगतली. तिले काय सांगाचं ते तुमी पाहा."

हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला. चार फेऱ्यांचे आठशे चोवीस मीटर. एकशे चव्वेचाळीस सेकंद. आठशेला साधारण एकशे चाळीस, म्हणजे दोन वीस. अट दोन बावीसची. पोरगी बसत होती. ज्या कारणावर मी नाही म्हणायचं ठरवलं होतं, ते कारण माझ्याच टेपने खोडलं होतं.

घरी आल्यावर रोशनीने विचारलं, किती? मी म्हटलं, दोन चोवीस.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. डायरीत तेच होतं, घड्याळात तेच होतं. फेरीबद्दल तिने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. तिने चार सेकंदांचं गणित केलं नव्हतं, पण टेप तिने धरली होती. रोशनीने अर्ज घडी करून पुस्तकात ठेवला. म्हणाली, "दोनच सेकंद तं हायेत."

मला वाटलं होतं, प्रश्न मिटला. ती शाळेत राहील, दहावी होईल, मग पुढचं पुढे. यात वाईट काय? रोज मी स्वतःला हे सांगत होतो. रोशनी मात्र ते दोन सेकंद मिळवायला निघाली. सकाळी पळायची ते पळायचीच, संध्याकाळी शाळेतून येऊन पुन्हा मैदानावर. चौथ्या दिवशी तिच्या टाचेला फोड आले. तिने चिंधी बांधली आणि गेली. सातव्या दिवशी फोड फुटले. मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब. ती म्हणाली, मुदत थांबते काय, बाबा?

नवव्या दिवशी दुपारी टाइमबाबू काट्यावर आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिथे आले होते. काट्यावर भरलेला ट्रक उभा होता. मी पावती फाडून ड्रायव्हरला दिली, ट्रक उतरला, आणि मग ते खिडकीशी आले. मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मला वाटलं, आता ते रोशनीच्या पायाबद्दल बोलतील, किंवा मला दोन शब्द सुनावतील. त्यांनी तसं काही केलं नाही. रोशनीने त्यांना सांगितलं होतं की बाबा दोन चोवीस म्हणाले, आणि त्यांनी तिला दुरुस्त केलं नव्हतं.

म्हणाले, "काटाबाबू, तुमी खोटं नाई बोलले. मीबी तवा महेशले खोटं नव्हतो बोललो. जेवढं दिसलं तेवढं सांगतलं."

एवढं बोलून ते सायकलकडे गेले. मागे दुसरा ट्रक हॉर्न देत होता. त्याचं वजन मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. तशी खाडाखोड माझ्या रजिस्टरात दुसरी सापडणार नाही.

संध्याकाळी मी रोशनीला फेरीचं सांगितलं. दोनशे सहा, आठशे चोवीस, दोन वीस, सगळं. ती चिंधी सोडत बसली होती. तिने विचारलं, "हे तुमाले कवापासून मालूम हाये?" मी म्हटलं, नऊ दिवस झाले. ती पायाकडे बघत म्हणाली, "अन् तुमी मले फक्त थांब म्हनत होते."

 तिसऱ्या दिवशी तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. त्यावर टाइमबाबूंच्या अक्षरात लिहिलं होतं: चार फेऱ्या, प्रत्येकी दोनशे सहा मीटर, दोन मिनिटं चोवीस सेकंद. आठशेचा आकडा त्यांनी काढलाच नव्हता. तो ज्याचा त्याने काढावा. मी सही केली. मला मान्य होतं म्हणून केली नाही. नाही म्हणायला माझ्याकडे जे कारण होतं ते खरं नव्हतं, आणि दुसरं सापडलं नाही, म्हणून केली. चाचणीला तिच्याबरोबर मी गेलो. तिथल्या पक्क्या मैदानावर ती दोन वीसच पळाली.

नववीचा निकाल लागल्यावर दाखला काढायला शाळेत गेलो. हेडमास्तर मला अर्धा तास समजावत होते आणि त्यांचं एकही म्हणणं मला चूक वाटलं नाही. मग क्लार्कने दाखल्याचं पुस्तक उघडलं. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यापाशी तो थांबला. मी म्हटलं, पळण्यासाठी, असं लिहा. तो म्हणाला, असं कारण कुणी लिहीत नाही. त्याने नेहमीचं लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. मी ते दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

तुमसर रोड स्टेशनवर तिला गाडीत बसवताना टाइमबाबू आले नाहीत. मी आदल्या दिवशी बोलवायला गेलो होतो. म्हणाले, "मी आलो तं लोक म्हनतीन, यानंच नेली." तेव्हाही मला क्षणभर वाटलं, हा माणूस हात झटकतो आहे. संशयाची सवय अशी जात नाही. पण बोलवायला जाताना रोशनीच्या आईने केलेला चहा मी थर्मासात नेला होता, आणि तो त्यांनी माझ्यादेखत दोन कप घेतला. आता त्यांच्याकडे पळणारी पोरगी आमच्या घरात उरणार नव्हती.

त्याच पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला आणि महेश त्यांना बावनथडी नदीपलीकडच्या त्यांच्या गावी घेऊन गेला. दोघं बोलू लागले होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा महेश बाहेर ट्रकचं चाक बदलत होता आणि टाइमबाबू आत झोपले होते. त्यांनी रोशनीची वेळ विचारली नाही. दहावीचा फॉर्म भरला का, एवढं विचारलं. भरला होता. दिवाळीनंतर ते गेल्याचा निरोप आला.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. अंगणात चटया टाकल्या होत्या, दहा-बारा माणसं बसली होती. महेश डोकं भादरून भिंतीला टेकून बसला होता. काट्यावर मी त्याला शेकडो पावत्या दिल्या असतील, पण आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. रोशनीची दहावी तेव्हा चार महिन्यांवर होती, राज्याच्या स्पर्धेत ती पाचवी आली होती, आणि तिचं शाळेतून जाणं बरोबर झालं की चूक, हे मला माहीत नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी एकदम सांगू शकत नाही.

महेशने मला ओळखलं.  त्याने हळूच विचारलं, "तुमची पोरगी गेली न, शाळा सोडून?"

मी म्हटलं, "गेली."

"बाबूजीनं सांगतलं म्हून?"

 होय म्हणणं सोपं होतं, आणि कॉलनीत सगळे तसंच म्हणत होते.

मी म्हटलं, "नाई. त्यायनं काईच सांगतलं नाई. मी पाठवली."

 तो भिंतीपासून थोडा सरकला आणि चटईवर आपल्या शेजारी माझ्यासाठी जागा केली.